व्याहीबुवांची चढाई

हिकमतुल्ला-अकांनी (वडीलधाऱ्याला आमच्याकडे अका म्हणतात) उभ्या आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही. तरी शेअरबाजारात त्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या मरगिलान शहरात नाही, असं ते स्वतः सांगतात. आमच्या तुतझोर मोहल्ल्यात सगळे ते मान्यही करतात, कारण मान्य केलं नाही तर अका पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला बसतात.

त्यांचा शेअरबाजार होता घरातल्या संगणकात. रजयांच्या चळतीशेजारी एका टेबलावर तो संगणक असे आणि त्यात हा एकच खेळ. खेळ जुनापुराणा. ना चित्रं, ना संगीत. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि आकड्यांच्या रांगा. एक कळ दाबली की खेळातला एक दिवस सरायचा, भाव वरखाली व्हायचे, कुणी बुडायचं, कुणी तरायचं. मुलगी गुलरुख हिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा अकांनी हा डाव मांडला होता. आता गुलरुख जनावरांची डॉक्टर होऊन नोकरीला लागली, तरी डाव तोच चालू. नवा डाव का मांडत नाही, असं कुणी विचारलं तर अका दुखावले जात. "धंदा म्हणजे काय पत्त्यांचा खेळ आहे, मोडला की पुन्हा पिसायला?" ते म्हणत.

अका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. एका शुक्रवारपर्यंत त्यांनी सरकारी नियोजन किती थोर ते शिकवलं आणि पुढच्या सोमवारपासून त्याच फळ्यावर बाजार किती थोर ते. मधले शनिवार-रविवार आपल्याला तयारीला पुरले, असं ते अभिमानाने सांगतात. अशा माणसाला आत्मविश्वास कमी पडण्याचं काही कारणच नव्हतं.

तर ह्या खेळात आपली एक कंपनी असते आणि बाकीच्या कंपन्यांचे मालक यंत्र चालवतं. त्या मालकांची नावं मात्र आपल्याला बदलता येतात. अकांनी तिथे मोहल्ल्यातली माणसं बसवली होती. कोबिल न्हाव्याला बँक दिली होती. मोहल्ल्याचे प्रमुख मामासोली रईस ह्यांना सगळ्यांत मोठी कंपनी दिली होती, तेलाची. ह्यात खुशामत नाही, असं अकांचं म्हणणं. मोहल्ल्याचा शिक्का रईसांच्या खिशात असतो, एवढंच.

महिन्याकाठी आम्ही मित्रमंडळी पुलावाला जमतो, तेव्हा पहिला घास तोंडात जायच्या आत प्रत्येकजण विचारायचा, "अका, माझं कसं चाललंय?" कोबिलची बँक वर गेली की तो दुकानात गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणेनासा व्हायचा. पडली की साबणाचा फेस कमी करायचा.

सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात गुलरुखचं लग्न ठरलं.

स्थळ उत्तम. रेशमाचे माग असलेले अब्दुवोहिद हाजी ह्यांचा मुलगा बोतिर. दोन्हीकडच्या मोठ्यांनी नान मोडून शब्द पक्का केला. पण अकांच्या घशात एक काटा राहिला. आमच्याकडे सुनेने पहाटे उठून सासरचं अंगण झाडायचं असतं, आणि गायी विताना अडतात त्याही नेमक्या पहाटेच. गुलरुखला गावोगावी जावं लागे. कधी परत येई ती गुडघ्यापर्यंत चिखलात आणि कोपरापर्यंत त्याहून वाईट कशात तरी. हाजींचं घराणं जुन्या वळणाचं. लग्नानंतर ते तिला नोकरी करू देतील की नाही, हे कुणी बोललं नव्हतं. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे अट घालणं म्हणजे तर शोभाच. नोकरी सुटली तर पोरगी कोमेजेल, हे अकांना पक्कं ठाऊक होतं. त्या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं, म्हणजे एकदाच जात होतं.

"अहो, सरळ विचारा ना त्यांना," त्यांची बायको सानोबर म्हणाली.

"सरळ? बाजारात सरळ कुणी काही विचारत नाही. आधी समोरच्याचा भाव वाढवायचा, मग हळूच आपला माल पुढे करायचा."

"गुलरुख माल आहे का?"

"उदाहरण दिलं."

"उदाहरणात दुसऱ्याची पोर घ्या."

गुलरुखला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ती कामावर होती. शिवाय लग्न तिचं असलं तरी विषय अर्थशास्त्राचा होता.

अकांची योजना साधी होती. खेळातल्या सगळ्यांत मोठ्या कंपनीवर हाजींचं नाव घालायचं, त्यांना घरी बोलावून ते दाखवायचं, ते खुलले की नोकरीचा विषय काढायचा. अडचण एकच. त्या कंपनीवर मामासोली रईस बसले होते. अकांनी त्यांना उचलून सिमेंटच्या कारखान्यावर बसवलं आणि सभ्यपणे जाऊन तसं कळवलं.

रईसांनी ऐकून घेतलं. मग लग्नाच्या अर्जाकडे बोट केलं. आमच्याकडे लग्नाचा पुलाव किती माणसांचा, वाजंत्री किती, गाड्या किती, ह्याला मोहल्ल्याची संमती लागते.

"बघतो, मास्तर. पण वेळ लागेल हं."

"वेळ कशाला? शिक्का तर समोरच आहे."

"आम्ही आता सिमेंटवाले. आमचं काम घट्ट व्हायला वेळ घेतं."

अका घरी आले, संगणक लावला आणि रईसांना सिमेंटवरून काढून बँकेवर बसवलं. शिक्का त्याच दिवशी मिळाला. पण बँक होती कोबिलची. त्याला सिमेंट मिळालं. कोबिल तोंडाने काही बोलला नाही. पुढच्या वेळी अका केस कापायला गेले तेव्हा मात्र त्याने अर्ध्यात कात्री ठेवली आणि "सिमेंट उतरवून घ्यायला जायचंय," म्हणून दुकान बंद केलं. अका घरी आले ते एका बाजूने प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूने कैदी. तेव्हापासून त्यांनी टोपी डाव्या कानावर ओढून ठेवली. ती फॅशन आहे, असं त्यांनी तीन घरी सांगितलं.

हाजी आले. माणूस ठेंगणा, नीटनेटका, बोलणं मोजकं. सानोबरने जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान भरून टाकलं होतं. समसे, मनुका, जर्दाळूच्या बिया, काय विचारू नका. अकांनी त्यांना जेवायलाही पुरतं बसू न देता संगणकापुढे नेलं, हातात पेला दिला, किटली शेजारी घेतली आणि पडद्यावरची पहिली ओळ दाखवली.

"हे आपण, व्याहीबुवा. बाजारातली पहिली असामी."

हाजींनी वाकून पाहिलं. "तेल? मी तर रेशीमवाला."

"रेशीमसुद्धा शेवटी तेलावरच चालतं."

"ते कसं काय?"

"ते मोठं प्रकरण आहे. सावकाश सांगीन."

हाजींच्या मिशीत हसू आलं. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं, खालच्या ओळीत मामासोली रईसांचं नाव पाहिलं आणि ते जरा जास्तच खुलले. रईसांनी एकदा त्यांच्या मागांच्या आवाजाबद्दल तक्रार केली होती. अकांनी मनात म्हटलं, भाव चढला, आता माल काढायला हरकत नाही.

तेवढ्यात हाजींनी हौसेने विचारलं, "मग आज मी काय करतोय?"

"बघू या की," म्हणून अकांनी कळ दाबली आणि एका हाताने हाजींच्या पेल्यात चहा ओतायला घेतला.

पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक मजकूर उमटला. आता हा मजकूर गुपचूप वाचून दुसरी कळ दाबता आली असती. पण अकांना आयुष्यभर वर्गात वाचायची सवय. त्यांनी तो मोठ्याने, ठणठणीत आवाजात, अर्थ लावून वाचला.

"अब्दुवोहिद ह्यांनी हिकमतुल्ला ह्यांची कंपनी त्यांच्या इच्छेविरुद्ध ताब्यात घेण्यासाठी बोली लावली आहे. जुना मालक नालायक असून त्याला तातडीने हाकलण्याचा त्यांचा इरादा आहे."

अका पडद्याकडे बघत राहिले. किटली धरलेला हात आपला ओततच राहिला.

आमच्याकडे पाहुण्याचा पेला अर्धा भरतात. अर्धा पेला म्हणजे बसा, गप्पा मारा, संपला की पुन्हा ओततो. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे प्या आणि वाटेला लागा. हे तान्ह्या पोरालाही कळतं. हाजींनी पेल्याकडे पाहिलं, तेव्हा चहा काठाच्या वर फुगून थरथरत होता आणि दोन थेंब त्यांच्या रेशमी चोग्यावर पडले होते.

"मी असं काही केलेलं नाही," हाजी हळू आवाजात म्हणाले.

"नाही, नाही! तुम्ही नाही, तुम्ही म्हणजे ते..." अका म्हणाले.

हाजींनी तो कढत चहा उभ्या उभ्या, डोळ्यांत पाणी आलं तरी, एका दमात संपवला. चेहऱ्यावरून हात फिरवून अन्नाला दुवा दिली आणि ते निघून गेले. समसा अर्धा राहिला होता. लग्नाची तारीख हाजी कळवणार होते. ती कळवायची राहिली.

संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात दोन पक्ष पडले. चढाई व्याह्याने आधी केली, म्हणून पेला भरला तो बरोबर, असं एक म्हणे. दुसरा म्हणे, पेला भरण्याचं मनात होतं हे हाजींनी आधीच ओळखलं असणार, म्हणून त्यांनी चढाई केली. हाजींना त्या खेळाची कळ कुठली तेही माहीत नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांना किरकोळ वाटली. कोबिल न्हावी येऊन सांत्वन करून गेला. "मी बँकेत असतो ना अका, तर लढायला कर्ज दिलं असतं. पण काय करू? सिमेंटमध्ये पडलोय," तो म्हणाला आणि डोक्याच्या उरलेल्या बाजूकडे एकदा बघून घेतलं.

शेवटी मोहल्ल्याची समेट समिती बसली. एरवी ही समिती नवराबायकोची भांडणं आणि भिंतीपलीकडे गेलेल्या तुतीच्या फांद्या बघते. चहाखान्यातल्या मोठ्या खाटेवर चार म्हातारे आणि मध्ये रईस. हाजी आलेच नाहीत. त्यांनी निरोप धाडला, 'माझी कसलीही तक्रार नाही.' हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. तक्रार नाही म्हणणाऱ्या माणसाची समजूत घालायची तरी कशी?

"मास्तर, ही बोली यंत्राला सांगून मागे घेता येत नाही?" रईसांनी विचारलं.

"यंत्र कुणाचं ऐकत नाही."

"मोहल्ल्याच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं तर?"

"रईससाहेब, शिक्का कुठे उमटवणार? काचेवर?"

एका म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली. "तुला त्याला हरवता येईल का, बाळ?" त्यांच्या लेखी अका अजून बाळच होते.

"तीन कळा दाबायचा अवकाश. त्यांची तेलकंपनी विकायला लावीन."

"मग लाव."

"व्याह्याला हरवू? लग्न तोंडावर असताना?"

"मग हर."

"मी?" अका म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

समितीने निकाल दिला की दोघांचंही चुकलं आहे, पण पेला जास्त चुकला आहे.

घरी येऊन अका संगणकापुढे बसले. हाजींची बोली पडद्यावर तशीच होती आणि 'मान्य की अमान्य' एवढंच यंत्र विचारत होतं. तेवढ्यात गुलरुख कामावरून आली. बूट दाराबाहेर काढून, हात घासून धूत ती वडिलांकडे बघत राहिली.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"बाजार मंद आहे जरा."

"हाजीकाकांशी नक्की काय बोलायचं होतं तुम्हाला? मला सांगा ना. कारण मी त्यांना..."

"तू ह्यात पडू नकोस, बेटा. ह्या मोठ्या भांडवलाच्या गोष्टी आहेत."

गुलरुखने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. गुलरुख जेवायला बसली.

अकांनी पडद्यावरून एकदा नजर फिरवली. पहिली कापसाची गिरणी, तिच्या जोरावर घेतलेली बोटींची कंपनी, मंदीत तगून राहिलेला कागदाचा कारखाना. प्रत्येक ओळीशी कुठला ना कुठला हिवाळा जोडलेला. कॉलेजात पगार उशिरा व्हायचे त्या दिवसांत ह्या आकड्यांनी त्यांना ताठ मानेने घराबाहेर पडायला लावलं होतं. पण पोरगी अंगण झाडत झाडत रस्त्याकडे बघत बसेल, हे चित्र काही डोळ्यांपुढून हटेना. त्यांनी 'मान्य'ची कळ दाबली. आपली कारकीर्द संपली आहे, असं पडद्याने कळवलं, धन्यवाद दिले आणि सगळी अक्षरं पुसून टाकली. अका रडले. सानोबर आत आली तेव्हा त्यांनी चष्म्याला दोष दिला, आणि तिनेही तो चष्मा बराच वेळ ओढणीने पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगला कोट चढवला, परातीत गरम नान आणि समसे घालून वर फडकं बांधलं आणि ते हाजींच्या घरी गेले.

"व्याहीबुवा, कंपनी आपली झाली."

"कुठली कंपनी?"

"माझी. सगळी. मी मान्य केलं."

हाजी परातीकडे बघत राहिले. त्यांचा रंग उडाला. आमच्याकडे कुणाची परात रिकामी परत जात नाही. आलेल्याच्या तोडीचं, शक्यतो थोडं वरचढच, घालून पाठवावं लागतं. आणि इथे तर नानच्या बरोबर बोटींसकट आख्खं साम्राज्य आलं होतं. त्याच्या तोडीचं काय घालणार? त्यांनी तूर्त रेशमाचं ठाण घालून परात परत केली. सानोबरला ती रिकामी ठेवणं शक्य नव्हतं, तिने हलवा पाठवला. हाजींकडून मधाचा डबा आला. इकडून भाजलेल्या कोंबड्या गेल्या. परात अशी फिरत राहिली की मोहल्ल्यात लोक तिच्यावरून वेळ सांगू लागले. शेवटी हाजी स्वतः आले. मागून एक मेंढा येत होता आणि तो परातीत मावत नसल्यामुळे दोरीने आणला होता.

ह्या खेपेला अकांनी हाजींच्या पेल्यात इतका थोडा चहा ओतला की तळही नीट भिजला नाही. हाजींनी तो आदराने घेतला.

"व्याहीबुवा, मला झोप लागत नाही," हाजी म्हणाले. "माझा मुलगा सांगतो, तुम्ही अर्धं आयुष्य घालून ते उभं केलं होतं. मेंढ्याने ह्याची फेड होत नाही, हे मला कळतं. तुम्हीच मागा. जे मागाल ते. नाही म्हणणार नाही."

शेवटी बाजार अकांच्या बाजूने फिरला होता. त्यांनी घसा साफ केला, टोपी सरळ केली, पुन्हा डाव्या कानावर ओढली.

"फार नाही. एवढंच, की गुलरुखने... म्हणजे लग्नानंतरसुद्धा तिची ती नोकरी, ती गावोगावची गुरं... तिला ते करू द्यावं. पहाटेचं जायला लागतं, हे मी लपवत नाही."

हाजींनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं.

"एवढंच? पण ते तर कधीच ठरलं आहे."

"कुणी ठरवलं?"

"तिनेच. नान मोडल्यावर आठवड्यातच आमची गाय अडली होती. बोतिरने हिलाच बोलावलं. खांद्यापर्यंत हात गायीच्या पोटात, आणि तिथून मला म्हणते, 'काका, लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. पहाटे मी कामावर जाईन, अंगण बोतिर झाडेल. कबूल?' मी म्हटलं, बाई, आधी वासरू काढ. तर म्हणते, 'निघतंय. कबूल का?' वासरू अर्धं आत, अर्धं बाहेर. व्याहीबुवा, अशा वेळी माणूस नाही म्हणतो का?"

"मग तुम्ही?"

"तीनदा कबूल म्हटलं. बोतिर आताच झाडतो. हात बसायला नको का?"

म्हणजे साम्राज्य फुकट गेलं होतं. कापूस, कागद, बोटी, सगळं ह्या गायीने आधीच मिटवलेल्या सौद्यापायी गेलं होतं. अका मेंढ्याकडे बघत बसले. आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटत होतं. पण आत कुठेतरी भलतंच काही फुगत होतं. आपली पोरगी! योग्य क्षणाची वाट बघून, समोरच्याचा एकही मार्ग मोकळा न ठेवता, सगळ्या अटी तिने एका दमात पदरात पाडून घेतल्या होत्या. असा सौदा त्यांनी इतक्या वर्षांत पडद्यावरसुद्धा पाहिला नव्हता.

हाजींनी दाढीवरून हात फिरवला. "मी जन्म रेशमाच्या बाजारात काढला, पण असं कुणी मला पेचात धरलं नव्हतं. हे सगळं शिकवलं कुणी हो तिला?"

हिकमतुल्ला-अकांनी पाठ ताठ केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वर्गातला होता.

"मी," ते म्हणाले.

दाराआड सानोबरला जोराचा ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना, तेव्हा हाजींनी काळजीने विचारलं की विहीणबाईंना पाणी हवं आहे का.